अकरा वर्षांच्या मुलाला गेमशिवाय मित्रच नाहीत. मोबाइल काढून घ्यावा का?

लगेच काढून घेऊ नका. आधी एवढंच विचारा, "तुझ्या टीममध्ये कोण कोण असतं?" मी आधी बंद केलं आणि मग विचारलं, म्हणून सांगते.

आमचा आता दहावीत आहे. तो सहावीत असताना आम्ही साताऱ्याहून पुण्याला आलो. कोरोनामुळे शाळा मोबाइलवरच, वर्गातली पोरं म्हणजे स्क्रीनवरचे छोटे चौकोन. सोसायटीत खाली 'क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी. रात्री साडेआठला हा हेडफोन लावून फ्री फायर या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमवर बसायचा. जेवायला तीन-तीन हाका, "आलो, आलो" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. एकदा माझं डोकं फिरलं, सरळ वायफाय बंद केलं. मला वाटलं आदळआपट करील. तर पानावर बसून मुसमुसायला लागला. "आमचा एक जण पडला होता गं. मी त्याला उचलायला चाललो होतो."

तेव्हा पहिल्यांदा नीट विचारलं. स्क्वाडमध्ये चौघं. गोळ्या लागून एखादा पडला की लगेच संपत नाही, जोडीदाराने जवळ जाऊन त्याला उठवायचं असतं. मॅच मध्येच थांबवता येत नाही. आणि बाकीचे तिघं कोण, तर साताऱ्याचे, आमच्याच गल्लीतले! दुसऱ्या दिवशी त्यांनी याच्या जागी भलत्यालाच घेतलं. हा मोबाइल हातात धरून त्यांची नावं बघत बसला होता. खेळत असलेले दिसत होते, बोलावणं काही येत नव्हतं. आम्हाला लहानपणी निदान कच्चा लिंबू म्हणून तरी घ्यायचे. इथे चार म्हणजे चारच.

मग ठरलं: शेवटची मॅच सुरू करण्याआधी मला सांगायचं, ती झाली की पान वाढणार. एक मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांची असते, तेवढा भात गार होत नाही. रोज पाळलं गेलं असं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने फ्री फायरवर बंदी आणली, तेव्हा मी मनातून खूश झाले होते. ही चौकडी फ्री फायर मॅक्सवर, म्हणजे त्याच गेमच्या बंदी नसलेल्या दुसऱ्या आवृत्तीवर जमली. पारावरून उठवलं तर देवळामागे जाऊन बसणारी जात ही.

माझा घोर वेगळाच होता. गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या खेळाडूंच्या गटात, एक अनोळखी 'भाई' याला "छोटे, छोटे" करायचा. फुकट डायमंड (गेममधले पैसे, त्यावर भारी कपडे घेता येतात) देतो म्हणून त्याने आयडी-पासवर्ड मागितला आणि यानं दिला! डायमंडचा मोह होताच, कारण साध्या कपड्यातल्या खेळाडूला बाकीचे नूब, म्हणजे नवखा, म्हणून चिडवतात. पण खरं म्हणजे कोणी मोठा आपल्याला विचारतो, याचंच अप्रूप. ओरडले असते तर पुढच्या वेळी लपवलं असतं. दोघांनी बसून पासवर्ड बदलला, त्या भाईला ब्लॉक केलं. तुम्ही मोबाइल तपासणार असाल तर मिनिटं मोजण्याआधी हे तपासा.

त्या दिवाळीत साताऱ्याला गेलो. चौघं एकाच पायरीवर खांद्याला खांदा लावून बसलेली, चौघांच्या कानात हेडफोन, आणि शेजारच्यालाच माइकवरून ओरडून सांगतायत, "अरे उचल ना मला!" मी चिवड्याची परात मध्ये ठेवली. मॅच संपेपर्यंत कोणी हात लावला नाही.