नौदलाच्या तोफा: सुरुवात एकाच तोफेपासून करा

स्वागत! एकदम सगळ्या आरमारांच्या मागे लागू नका. अभ्यासाला ब्रिटिशांची १२ इंची मार्क १० तोफ घ्या (‘मार्क’ म्हणजे आवृत्तीचा क्रमांक). १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेवर अशा दहा होत्या. ही एक नीट समजली की बाकीच्या सोप्या जातात.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- मार्क १० होती ‘४५ कॅलिबर’ची. हा तोंडाचा व्यास नव्हे. नळीची लांबी व्यासाच्या ४५ पट, म्हणजे १२ इंचांना ४५ फूट. (मीही पहिलं वर्षभर यात गोंधळलो होतो.)
- तोफ आणि बुरूज (तोफा बसवलेली फिरती चिलखती खोली) वेगळे. ‘मार्क’ क्रमांक दोघांनाही असतात, म्हणून टिपणं वेगळी ठेवा.
- लांब नळी म्हणजे सरस तोफ, असं नाही. पुढची मार्क ११ होती ५० कॅलिबरची. गोळा तोच, ८५० पौंडांचा, पण वेग जास्त. परिणाम? नळी लवकर झिजायची, लांबवर नेम विखुरायचा. म्हणून ब्रिटिश १३.५ इंचीकडे वळले: १२५० पौंडांचा गोळा, वेग मात्र कमी.

पोलादी नळीवर मैलोगणती तार ताणून का गुंडाळत, हे त्यानंतर बघा. चिलखतभेदाची गणितं सध्या बाजूलाच राहू द्या.