बाबा विचारतात, चार वर्षं काय शिकतेस?

*ताई, मी सोलापूरची. पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इलस्ट्रेशन. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली होती, सगळे कौतुक करायचे. आता सरांनी दोन पानं लिहून मागितली आहेत: ‘या वर्षात मी कुठून कुठे आले.’ लिहायचं म्हणून पहिल्या वर्षाची स्केचबुकं काढली आणि रडूच आलं. तेव्हाची चित्रं जिवंत वाटतात, आताची लाकडी. वर्गातल्या एका मुलीला बाहेरची कामंही मिळू लागली आहेत. बाबा फोनवर म्हणतात, ‘चित्र तर तुला आधीपासून येत होतं, मग चार वर्षं काय शिकतेस?’ मला उत्तर सुचत नाही. दोन चित्रांचे फोटो पाठवते, ती कशी काढली तेही खाली लिहिलंय. खरं काय ते सांगा.*

प्रिय सोलापूरकर,

खरं सांगा म्हणालीस, तर कडू आधी. दुसरं चित्र आखडलेलंच आहे. पहिल्या वर्षी एसटी स्टँडवर काढलेली, बोचक्यावर बसलेली बाई खरोखर बसली आहे. तिचा पाय चुकलाय, पण वजन बोचक्यावर पडलंय. तिसऱ्या वर्षाच्या चित्रातल्या म्हाताऱ्याची हाडं बरोबर आहेत आणि बसणं खोटं. तूच लिहिलंस की मित्राला खुर्चीत बसवून मोबाइलवर फोटो काढला आणि त्यावरून रेषा उतरवली. मग काय होणार? धोतर-टोपीतला वीस वर्षांचा पोरगा दिसतोय तो.

पण त्याच चित्राबद्दल तू एक ओळ जाता जाता लिहिली आहेस, ती मी दोनदा वाचली. गोष्ट बैलजोडी विकणाऱ्या शेतकऱ्याची. तू आठ थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, केलीस, बाजारातला सौदा, नोटा मोजणं, बैलांचे डोळे, आणि शेवटी निवडलंस ते परतीच्या एसटीत मांडीवर रिकामा कासरा घेऊन बसलेला माणूस. पहिल्या वर्षाच्या तुला हे सुचलं असतं? माझी पैज आहे, तू भरगच्च बाजार काढला असतास. शिंगांना रंग, कडेला चहाची टपरी, आणि बघणारे म्हणाले असते, वा, काय बारकावे!

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. इंटरमिजिएटला समोर मांडलेला तांब्या काढायचा असतो. स्मरणचित्रात ‘बाजार’ आला की क्लासमध्ये घटवलेली भाजीवाली आणि तिची छत्री कागदावर उतरते. तिथे हात तपासला जातो, आणि तुझा हात चांगलाच होता. इलस्ट्रेशनमध्ये गोष्ट वाचून तिच्यातला कोणता क्षण चित्राने उचलायचा आणि कोणता शब्दांवर सोडायचा, हे ठरवावं लागतं. लेखकाने जे लिहिलंच आहे ते पुन्हा काढून काय मिळवायचं? ही निवड तुला जमू लागली आहे. हात मागे पडलाय, कारण डोळा पुढे गेला. चित्र लाकडी आहे हे तुला दिसतं, ते यामुळेच. (दिसणं फार त्रासदायक असतं, मान्य.)

व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रं लायब्ररीतून आण आणि शरीरशास्त्र विसरून बघ. मोजक्या रेषा असतात, पण माणूस नुसत्या उभं राहण्यावरून कळतो. फक्त सरवटे स्थापत्य अभियंते होते आणि नोकरी सांभाळून चित्रं काढायचे, हे घरी बोलू नकोस. बाबांना आयता मुद्दा मिळेल.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या तरुणपणच्या चित्र-डायऱ्याही मिळाल्या तर पाहा. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या आहेत. गोव्यातलं रोजचं आयुष्य, भेटलेली माणसं, पानामागून पान. पुढे सगळ्यांनी ओळखली ती मारिओ शैली त्यात घडताना दिसते. ती पानं कुणाला दाखवायला किंवा मार्क मिळवायला काढलेली नव्हती. तुझं स्केचबुक अलीकडे सबमिशनची वही झालंय असं मला वाटतं. फोटोत कडेला दिसणारी पानं फार नीटनेटकी आहेत.

वर्गातल्या मुलीचं सोडून दे. कामं मिळणं ही चांगली गोष्ट आहे, पण त्यातून तिचा बाजारातला भाव कळतो, तुझी वाढ नाही.

आता ती दोन पानं. ‘मी खूप काही शिकले’ हे वाक्य सरांनी आजवर इतक्यांदा वाचलं असेल की त्यांचा डोळा त्यावर थांबणारच नाही. त्यापेक्षा तिन्ही वर्षांची स्केचबुकं जमिनीवर उघड आणि फक्त हात शोध. पहिल्या वर्षी बहुतेकांची माणसं हात खिशात घालून नाहीतर पाठीमागे बांधून उभी असतात, कारण बोटं काढायची भीती. तुझे हात बाहेर कधी आले? तारखा टाकल्या नसशील तर आठवून टाक. मग त्या आठ थंबनेलबद्दल लिही: सात का टाकली, प्रत्येकी एक ओळ. बाजार गोष्टीत आधीच होता म्हणून टाकला, नोटांमुळे चित्र पैशाचं झालं असतं म्हणून टाकलं, असं. आणि शेवटचं चित्र कुठे फसलं तेही लिही. सर मार्क कापतील? मला नाही वाटत. कापले तर कापू दे.

चित्र मात्र पुन्हा काढ. फोटो नको. सकाळी स्वारगेटला जा, लांब पल्ल्याच्या गाडीची वाट बघणारे आजोबा शोध आणि त्यांची पाठ काढ, चेहरा नंतर. थंबनेल शेजारी ठेव, पण गिरवू नकोस.

सुट्टीत सोलापूरला गेलीस की बाबांना तयार चित्र दाखवू नकोस. गोष्ट वाचायला दे, आठही थंबनेल समोर ठेव आणि विचार, तुम्ही कुठलं घेतलं असतं? ते बहुतेक बैलांचे डोळे निवडतील. मग वाद घाल.

तुझी,
ताई