‘बाबा असे नव्हते’ : मेंदूविकारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे, पार्किन्सन्सचे पेशंट. आयुष्यात पत्त्यांना हात लावला नाही. आता रात्र रात्र मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतात. दीड लाख गेले. आई म्हणते, रिटायर झाल्यावर माणूस बिघडला. वर्षापूर्वी प्रॅमिपेक्सोल सुरू झालंय, त्याचा काही संबंध? (सातारा)

उत्तर : दाट संबंध असावा, आणि हे आईंना आजच सांगा. प्रॅमिपेक्सोल डोपामिनची, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाची, नक्कल करतं. पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचाली मंदावतात. पण डोपामिनची आणखी एक वाट आहे. ‘आता मिळेल, पुढच्या डावात मिळेल’ ही ओढ तिच्यातून येते आणि या आजारात ती बरीचशी शाबूत राहते. गोळी दोन्हीकडे पोचते : एकीकडची तूट भरते, दुसरीकडे पूर येतो. त्यात हे औषध डी-३ रिसेप्टरांना (पेशींवरच्या, डोपामिन जिथे बसतं अशा एका प्रकारच्या जागांना) जास्त चिकटतं, आणि ते ओढीच्या वाटेवरच दाट असतात. एरवी हरलं की डोपामिन क्षणभर घसरतं, मन खट्टू होतं आणि माणूस थांबतो. गोळीमुळे ती घसरणच नीट जाणवत नाही.

अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. डोपामिनची नक्कल करणारी अशी औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांना जुगार, बेसुमार खरेदी, खा-खा किंवा अनावर लैंगिक इच्छा यांपैकी काहीतरी जडलं होतं. न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. रुग्ण लाजेपोटी हे बोलत नाहीत, म्हणून तुम्ही बोला, बाबांचा मान राखून, त्यांच्यासमोरच. गोळी मात्र परस्पर बंद करू नका. एकदम तोडली तर जीव घाबरा होतो, घाम फुटतो, मन पार खचतं. न्यूरॉलॉजिस्ट डोस हळूहळू उतरवतील. तोवर फोनमधलं यूपीआय आणि बँकेचं कार्ड आईंकडे राहू द्या.

प्रश्न : आई बीपी आणि झोपेसाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून सर्पगंधेचं चूर्ण घेते. झोप लागते, पण तीन महिन्यांत ती गप्प गप्प झालीये, चालही जड झालीये. झाडपाल्याच्या औषधानं असं होईल? (चिपळूण)

उत्तर : होऊ शकतं. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं, तेव्हा जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातलं रिसर्पिन चेतातंतूंच्या टोकांशी असलेले डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचे साठे रिकामे करतं. रक्तदाब त्यामुळेच उतरतो, आणि काहींचं मन आणि अंग जखडतं तेही त्यामुळेच.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं; ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा (मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं ते औषध) टोचलं आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. हे १९५७ चं. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. साताऱ्याच्या बाबांच्या उपचारांची सुरुवात त्या सशांपासून झाली, हे मला दर वेळी थक्क करतं.

आईंना फिजिशियनकडे न्या, चूर्णाची बाटलीही बरोबर न्या. बीपीसाठी आज कितीतरी सुरक्षित गोळ्या आहेत.

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेत लेकीचे हात थरथरतात. शेजारच्या काकूंची प्रोप्रानोलोल (धडधड कमी करणारी गोळी) अर्धी देऊ? (नाशिक)

उत्तर : नको. दमा असेल तर ती गोळी जिवावर बेतू शकते. थरथर अ‍ॅड्रेनॅलिनची, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या रसायनाची आहे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावायला शिकवा, त्यानं हृदयाची गती उतरते.

प्रश्न : नैराश्यासाठी एसिटालोप्राम सुरू करून दहा दिवस झाले. मळमळ तेवढी होते, मन तसंच. सोडून देऊ? (पुणे)

उत्तर : इतक्यात सोडू नका. या गोळीनं मेंदूतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढू लागतं, पण त्या वाढीशी मेंदूच्या पेशी जुळवून घेतात त्याला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. मळमळ आधी येते, कारण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि गोळी तिथेही पोचते. जेवणानंतर घ्या, आठवडा-दोन आठवड्यांत ती बहुतेकांची थांबते. मात्र या दिवसांत बेचैनी वाढली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. रात्रीही कुणीतरी फोन उचलतं.