प्लॉटर ‘ऑफलाइन’ दिसतो, ए-झिरो अर्धवट येतो, स्केल कमी भरतो: तिन्हीचं उत्तर वेगळं आहे

तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे असं की आर्किटेक्टचं ऑफिस, सहा कॉम्प्युटर, नवा ३६ इंची इंकजेट प्लॉटर (मोठी ड्रॉइंग छापायचा प्रिंटर) वायफायवर जोडलाय, दर दोन-चार दिवसांनी कुठल्यातरी मशीनवर ‘ऑफलाइन’ दिसायला लागतो, मोठी ए-झिरो शीट अर्धी येऊन थांबते आणि १:१०० चा प्लॉट स्केलपट्टी लावून मोजला तर कमी भरतो. इंजिनियर येतो, ड्रायव्हर उडवून परत टाकतो, पैसे घेऊन जातो, दोन दिवस बरं चालतं, परत पहिले पाढे पंचावन्न.

ड्रायव्हर परत टाकल्यावर दोन दिवस का चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे अर्धं कोडं सुटेल. तुमचा प्लॉटर राउटरकडून आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, घेतोय. आज १९२.१६८.१.१०४ आहे, लाइट जाऊन आली की उद्या १०९ होतो. कॉम्प्युटर बापडा जुन्याच पत्त्यावर फाइल पाठवत बसतो, तिथे कोणी नाही, म्हणून ऑफलाइन. ड्रायव्हर परत टाकला की विंडोज नव्याने शोधतं, नवा पत्ता सापडतो, सगळे खूश. ड्रायव्हरचा काही दोष नव्हताच, साप म्हणून भुई धोपटणं चाललंय.

तेव्हा पहिलं काम, आयपी कायमचा करा. दोन रस्ते आहेत. एक, प्लॉटरच्या पॅनलवर जाऊन मॅन्युअल आयपी टाकायचा, पण तो राउटरच्या वाटपाच्या रेंजच्या बाहेरचा हवा, म्हणजे राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्लॉटरला ५० द्या, सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचाच. रेंजच्या आतला दिला तर कधीतरी तोच नंबर कोणाच्या तरी मोबाइलला मिळतो आणि मग जी मजा होते ती शोधताना केस पांढरे होतात. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, राउटरमधे प्लॉटरच्या नेटवर्क कार्डाच्या कायमच्या नंबराला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला आयपी राखून ठेवायचा. प्लॉटर रीसेट झाला तरी तोच पत्ता मिळतो. मॅक अ‍ॅड्रेस पॅनलवरच्या नेटवर्क माहितीत असतो, पण लॅनचा आणि वायफायचा वेगवेगळा असतो बरं का, जो वापरणार आहात तोच टाका.

पॅनलवर आयपी १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजायचं की प्लॉटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी घेऊन टाकलाय. आपल्याकडे हे लाइट गेल्यावर हमखास होतं. लाइट आली की प्लॉटर आणि राउटर एकदमच चालू होतात, कधी प्लॉटर आधी जागा होऊन पत्ता मागतो आणि राउटर अजून डोळेच चोळत असतो. राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर टाका, हा त्रास बराचसा जातो.

आता विंडोजची बाजू. प्रिंटर प्रॉपर्टीजमधे पोर्ट्सच्या टॅबवर जा आणि टिक कुठे आहे ते बघा. तिथे डब्ल्यूएसडी लिहिलेलं पोर्ट दिसलं तर निम्मं दुखणं तिथेच आहे. विंडोजने स्वतः शोधून जोडलं की ते पुष्कळदा हेच पोर्ट लावतं आणि ते शोधाशोध करत चालतं, सापडलं तर सापडलं. अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, त्यात तुम्ही कायम केलेला आयपी, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट नंबर ९१००. मग कॉन्फिगर पोर्टमधे जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ची टिक काढा. ही टिक असली की विंडोज प्लॉटरला मधून मधून विचारतं ‘आहेस का’, आणि त्या प्रश्नाला उत्तर नाही आलं तर प्लॉटर धडधडीत चालू असतानाही ऑफलाइनचा शिक्का मारून मोकळं होतं. टिक काढली की इंक किती उरली वगैरे विंडोजच्या खिडकीत कदाचित दिसणार नाही, पण ते प्लॉटरच्या पॅनलवर दिसतंच की.

सहाही मशीनवर असंच थेट आयपीने जोडा. एका कॉम्प्युटरला जोडून तिथून बाकीच्यांना शेअर करायचं जुनं डोकं आता सोडा. २०२१ मधे प्रिंट स्पूलरमधे (प्रिंटची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) मोठी सुरक्षेची भानगड सापडली, त्यानंतरच्या अपडेट्सनी शेअर्ड प्रिंटर जोडताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायला सुरुवात केली आणि कित्येक ऑफिसात ०x०००००११बी हा एरर यायला लागला. लोक तो घालवायला रजिस्ट्रीत खेळतात, म्हणजे सुरक्षेसाठी लावलेली कडी स्वतःच काढतात. प्लॉटरला स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे, मग मधे एजंट कशाला? शिवाय तो शेअर करणारा कॉम्प्युटर ज्याचा आहे तो सुट्टीवर गेला की सगळ्यांचं प्लॉटिंग बंद.

एवढं करून नाही चाललं तर तपासायचा क्रम सांगतो. ज्या मशीनवर ऑफलाइन दिसतंय तिथेच ब्राउझर उघडा आणि प्लॉटरचा आयपी टाइप करा. प्लॉटरचं स्वतःचं पान उघडलं तर रस्ता मोकळा आहे, गडबड त्या कॉम्प्युटरच्या पोर्टमधे किंवा स्पूलरमधे. पान नाही उघडलं तर पिंग करा, म्हणजे कमांडने त्या आयपीला हाक मारून उत्तर येतं का बघा. पिंगही नाही तर ड्रायव्हरला हात लावायचा नाही, केबल, वायफाय, राउटर इकडे बघायचं. पिंग येतोय पण प्रिंट जात नाही असं असेल तर पॉवरशेलमधून टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने ९१०० पोर्ट उघडं आहे का बघा, अँटीव्हायरसचं फायरवॉल मधे पाय घालतंय का ते कळेल.

एक सापळा फार बघितलाय म्हणून वेगळं लिहितोय. फायबरवाल्याने दिलेला डबा वायफाय देतो, आणि रेंज कमी पडते म्हणून ऑफिसने बाजारातून आणखी एक राउटर आणून त्याला जोडलेला असतो. मग एक नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि दुसरं १९२.१६८.० चं, आणि नाव मात्र दोन्हीला सारखंच दिलेलं! प्लॉटर दुसऱ्या राउटरच्या मागे असेल तर पहिल्या डब्यावर असलेल्यांना तो दिसतच नाही. आणि लॅपटॉप आतल्या खोलीत नेला की चालतो, रिसेप्शनजवळ आणला की ऑफलाइन, म्हणून लोक भिंतीला दोष देतात. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, पत्ते वाटायचं काम एकाच डब्याकडे ठेवा. आणि प्लॉटर चुकून गेस्ट वायफायवर नाही ना तेही बघा, गेस्टमधली उपकरणं सहसा बाकीच्या नेटवर्कला दिसत नाहीत.

पण खरं सांगू का, प्लॉटर वायफायवर ठेवूच नका. लॅनची केबल ओढा. आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीवर येतो म्हणजे का म्हणतोय ते कळेल.

ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) त्याचे साधारण ५६ कोटी पिक्सेल होतात, रंगीत असेल तर पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे दाबल्याशिवाय १.६ जीबीच्या वर. नुसत्या रेषांचं ड्रॉइंग असेल तर ते दाबून अगदी चिमूटभर होतं, पण खाली सॅटेलाइटचा फोटो किंवा थ्रीडी रेंडर चिकटवलेला असला की ते फारसं दबत नाही. १०० एमबीपीएसच्या केबलवरून एवढं जायला सव्वादोन मिनिटं. कोपऱ्यातल्या मरतुकड्या वायफायवर खरा वेग १० एमबीपीएस मिळत असेल तर वीस मिनिटांच्या वर, आणि मधे एकदा जरी वायफाय हुकलं तर प्लॉटर डेटाची वाट बघून काम सोडून देतो, कागद कापतो आणि अर्धी शीट तुमच्या हातात. ए-फोरला हे कधी जाणवत नाही म्हणून लोक म्हणतात ‘टेस्ट पेज तर येतंय, नेटवर्क ठीक आहे’. टेस्ट पेजने काही सिद्ध होत नाही.

केबल टाकल्यावरही अर्धवट येत असेल तर फाइलकडे बघा. सी ड्राइव्हवर जागा किती आहे? स्पूलची फाइल तिथेच तयार होते, ड्राइव्ह लाल झालेला असला की मोठी फाइल मधेच मरते. जुनी अडकलेली कामंही तिथेच पडून असतात. स्पूलर सर्व्हिस थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधे स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचा फोल्डर, फक्त त्याच्या आतल्या फाइली उडवा आणि सर्व्हिस परत चालू करा. ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्स्डमधे ‘शेवटचं पान स्पूल झाल्यावर प्रिंट सुरू करा’ हा पर्याय निवडा, म्हणजे फाइल पूर्ण तयार झाल्याशिवाय प्लॉटरकडे जाणारच नाही. एचपीच्या काही डिझाइनजेट प्लॉटरच्या ड्रायव्हरमधे ‘सेंड जॉब अ‍ॅज बिटमॅप’ असा पर्याय असतो, ड्रॉइंगचा काही भाग गायब होत असेल तर तो लावून बघा, वेळ जास्त लागतो पण जे दिसतं ते येतं.

ऑटोकॅडमधे आणखी एक. प्लॉटच्या खिडकीत ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ ला टिक असेल आणि गरज नसेल तर काढा. ती असली की सगळं ड्रॉइंग रास्टर, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, होऊन जातं, म्हणजे चिमूटभर फाइलचं पोतं. मी सगळ्यांना हेच सांगतो की आधी ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ ने पीडीएफ करा, झूम करून डोळ्याने बघा आणि मग ती पीडीएफ प्लॉटरला पाठवा. कागद वाया जात नाही, आणि अर्धवट आलं तर दोष ऑटोकॅडचा की पुढचा ते लगेच कळतं. स्वस्तातले बरेच प्लॉटर पीडीएफ स्वतः वाचत नाहीत, त्यामुळे ती पेनड्राइव्हने किंवा थेट आयपीवर फेकून चालेलच असं नाही, कंपनीचं प्रिंटिंग सॉफ्टवेअर वापरा, एचपीचं क्लिक आहे, कॅननचं डायरेक्ट प्रिंट प्लस आहे.

अवांतर, पण महापालिकेची ड्रॉइंग काढता म्हणून सांगतो. मॉनोक्रोम सीटीबी (ऑटोकॅडची सगळे रंग काळे करणारी प्लॉट स्टाइल) लावून सबमिशनची शीट काढू नका, प्रस्तावित बांधकामाचा लाल आणि पाडायच्या भागाचा पिवळा दोन्ही काळे येतात आणि मग प्लॉटर रंग खातो अशी तक्रार येते.

आता स्केल. ही माझी आवडती तक्रार, कारण एका पट्टीत निकाल लागतो. १:१०० ला आठ मीटर बाय आठ मीटरचा चौकोन काढा, कागदावर तो ८० बाय ८० मिलिमीटर यायला हवा. खरं म्हणजे मोठाच काढा, ८० बाय ८० मीटरचा, कागदावर ८०० मिलिमीटर, म्हणजे फरक डोळ्यात भरतो. स्टीलची पट्टी घ्या, प्लास्टिकची नको. दोन्ही बाजूंनी सारखाच कमी भरला, समजा ७८० बाय ७८०, तर प्लॉटर निर्दोष आहे, कुठेतरी ‘फिट टू पेपर’ लागलंय. ऑटोकॅडमधे नसेल तर पीडीएफ रीडरमधे असेल, तिथे ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ हवं. मार्जिन मावत नाही म्हणून सॉफ्टवेअर गुपचूप आक्रसतं. ३६ इंची रोल म्हणजे ९१४ मिलिमीटर, ए-झिरोची ८४१ रुंदी त्यात आरामात बसते, तेव्हा आक्रसायचं काही कारणच नाही, ड्रायव्हरमधे रोलवर जास्तीचं मार्जिन घ्यायला सांगा.

आणि आडवं बरोबर ८०० भरतंय पण लांबीत ७९५ येतंय, असं असेल तर मात्र कागद पुढे सरकण्यात फरक आहे. हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, आडवं फिरतं ते त्याच्या मागच्या पट्टीवरच्या खुणा वाचत फिरतं म्हणून तिकडे चूक क्वचित. कागद रोलर ढकलतो, आणि कागदाची जाडी, प्रकार, ओल यानुसार तो कमी-जास्त सरकतो. पॅनलवर पेपर अ‍ॅडव्हान्स कॅलिब्रेशन असतं ते करा, आणि रोल लावताना कागदाचा प्रकार खरा सांगा. ट्रेसिंग पेपर लावून पॅनलवर बाँड (साधा कागद) सांगितलं तर कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही. तसंच पॅनलवर एक आणि ड्रायव्हरमधे दुसरा कागद असेल तर काम ‘होल्ड’ वर जाऊन बसतं, आणि कॉम्प्युटरवर बसलेल्याला वाटतं परत नेटवर्क गेलं.

पावसाळ्यात रोल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल धरलेला कागद लाटा काढतो, हेड त्याला घासतं आणि काळे पट्टे येतात.

शेवटचं, संध्याकाळी प्लॉटरचा भिंतीवरचा स्विच पाडायची सवय असेल तर बंद करा. स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड टोपीवर जाऊन बसतं आणि शाई वाळत नाही. चालू ठेवला तर तो झोपतो, मधून उठून हेड साफ करतो, वीज फारशी खात नाही. प्लॉट चालू असताना स्विच पडला तर हेड मधेच उघडं राहतं, आणि पावसाळी सुट्टीनंतर निळा रंग गायब.

एवढं करून अडलं तर मॉडेल नंबर, पोर्ट्स टॅबवर टिक कुठे आहे आणि त्या चौकोनाची दोन मापं इथे टाका, पुढचं सांगतो.