टर्बो गेलेलं, ठोका पडलेलं स्विफ्ट डिझेलचं इंजिन घरच्या गॅरेजमध्ये बांधता येईल का?

प्रश्न असा आहे: 2012 ची स्विफ्ट डिझेल, दीड लाख किलोमीटर झालेले. आधी टर्बोची शिट्टी वाढली, मग निळा धूर, मग ऑइलचा दिवा लागला. गाडी तशीच घरापर्यंत आणली आणि आता खालून ठोका येतोय. गॅरेजवाला फुल इंजिन काम सांगतो. घरी शेड आहे, हत्यारं आहेत, हातात वेळ आहे. स्वतः करावं का?

करा, पण इंजिन बांधणं हा या कामातला सोपा भाग आहे हे धरून चाला. आधीचं इंजिन नेमकं कशाने गेलं ते शोधणं आणि ऑइलच्या वाटेत अडकलेला धातूचा चुरा शेवटच्या कणापर्यंत बाहेर काढणं, खरी मेहनत तिथे आहे. हे दोन्ही न करता बांधलेलं इंजिन सुरू छान होतं आणि काही दिवसांत पुन्हा ठोकायला लागतं.

तुमच्या गाडीतलं इंजिन फियाटचं 1.3 मल्टिजेट. 1248 सीसी, बोअर 69.6 मिमी, स्ट्रोक 82 मिमी, बीडाचा ब्लॉक, अल्युमिनियमचं हेड, सोळा व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन. हेच इंजिन डिझायर, पुंटो, लिनिया, विस्टा, मांझा अशा कितीतरी गाड्यांत बसलं, त्यामुळे पार्ट मिळण्याची अडचण नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बहुतेक सगळं मिळून जातं. फक्त 75 आणि 90 पीएसची इंजिनं एक समजू नका. स्विफ्टच्या 75 पीएसला साधा टर्बो आहे, 90 पीएसला व्हेरिएबल (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा). दुकानदाराला गाडीचं नाव सांगून भागत नाही, इंजिन नंबर दाखवा.

सुटं करण्याआधी दोन तपासण्या करा. ऑइल काढून पांढऱ्या कापडावर ओता आणि उन्हात धरा. सोनेरी-रुपेरी चमक दिसली तर बेअरिंग गेलंय, म्हणजे क्रँक (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा) बाहेर काढावाच लागणार. मग इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा होज काढून बघा. तिथून पेलाभर ऑइल आलं तर टर्बोच्या सीलमधून ते इनटेकमध्ये जात होतं. ब्लॉकला रॉडने खिडकी पाडली असेल तर बांधायच्या फंदात पडू नका. कागदपत्रांसह जुनं इंजिन घ्या आणि ते बदलण्याआधी आरटीओची परवानगी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवा.

इंजिन उतरवायला एक टनाची चेनपुली पुरते. सुकं इंजिन साधारण 130 किलोचं आहे, गिअरबॉक्सचं वजन वेगळं. पण पुली पत्र्याच्या शेडच्या अँगलला टांगू नका, चार पायांची घोडी करून घ्या. एसीचा कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला बांधून ठेवला तर गॅस सोडावा लागत नाही. डिझेलचे हाय प्रेशर पाइप गाडी बंद करून बराच वेळ गेल्यावरच सोडा आणि उघडी तोंडं लगेच बुचांनी बंद करा. रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) इंजिन जोरात चालताना हजारावर बार प्रेशर असतं आणि इंजेक्टरला धुळीचा एक कणही चालत नाही. क्रँक पुलीच्या बोल्टला उलटे आटे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसाल तर तो सुटणार नाही, आणखी आवळेल.

आता कारणाकडे. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर मावतं. त्यातलं लिटरभर जळलं आणि सर्व्हिसही लांबली की उरलेलं ऑइल काळं, घट्ट होतं. मग पहिली बळी जाते ती संपमधली (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) स्ट्रेनरची जाळी. ती अर्धी बुजली तरी आयडलला दिवा लागत नाही, पण घाटात, जोरात चालवताना पंपाला ऑइल कमी पडतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर क्षणभर तुटला तरी बुश खरवडले जातात. चेनचा टेन्शनरही ऑइल प्रेशरवरच चालतो, म्हणून याच कारणाने चेन ढिली पडून दात सोडते. तसं झालं तर कॅमखालचे रॉकर तुटतात. रॉकर तुटल्यामुळे पुष्कळदा व्हॉल्व्ह वाचतात, पण ते गृहीत धरू नका, प्रत्येक व्हॉल्व्ह तपासा.

संप उघडल्यावर जाळी आधी बघा. तिच्यात काळ्या गाळाबरोबर लाल किंवा राखाडी रबरासारखे दोरे सापडले तर ते आधीच्या मिस्त्रीने सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन आहे. तुम्ही बंद करताना दोन-तीन मिमीची एकच रेघ ओढा, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. बाहेर आलेलं जादा सिलिकॉन दिसतं आणि पुसता येतं. आत गेलेलं दिसत नाही, ते जाळीवरच जाऊन बसतं.

टर्बो हातात घेऊन शाफ्ट हलवा. आडवा किंचित खेळ असतो, तो ऑइल भरलं की जातो. पुढे-मागे खेळ बोटाला जाणवला किंवा पंखा हाउसिंगला घासल्याची चमक दिसली तर टर्बो गेला. कोअर (शाफ्ट, पंखे आणि बुश असलेला टर्बोचा मधला भाग) बदलून घ्यायचा असेल तर बॅलन्स केलेला पूर्ण कोअरच घ्या. शाफ्टचा नट सोडून आतले बुश घरी बदलले तर बॅलन्स जातो. अॅक्च्युएटरच्या रॉडचं सेटिंगही हलवू नका. आणि टर्बो चांगला असूनही ऑइल सोडत असेल तर दोष टर्बोचा नाही. खाली जाणारा ड्रेन पाइप बुजलेला असतो किंवा ब्रीदर (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट) चोक होऊन क्रँककेसमध्ये प्रेशर साठलेलं असतं. हे न बघता लोक दोन-दोन टर्बो बदलतात.

ब्लॉक सुटा करताना कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या कॅपवर मार्करने नंबर टाका, पंचने ठोकून नाही. कॅप रॉडपासून तोडून वेगळी केलेली असते, तिची खडबडीत तोंडं फक्त आपल्याच जोडीदाराशी जुळतात. ती तोंडं फरशीवर घासू देऊ नका. मेन बेअरिंगच्या वेगळ्या कॅप इथे नाहीत, ब्लॉकचा खालचा पूर्ण भाग एकसंध अल्युमिनियमचा आहे आणि तो वरच्या ब्लॉकबरोबरच मशीन केलेला आहे. दुसऱ्या इंजिनाचा खालचा भाग याला लावायचा नाही.

मोजमाप घरी होतं: मायक्रोमीटर, बोअर डायल गेज आणि फिलर गेज लागतील. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजा. अंडाकार किंवा निमुळतेपणा 0.05 मिमीच्या पुढे गेला तर नुसत्या नव्या रिंगांनी ऑइल थांबणार नाही, बोअरिंग करावं लागेल. इथे क्रम सांभाळा. ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या, मग तोच पिस्टन बोअरिंगवाल्याला देऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्या. क्रँकचंही तसंच. अंडरसाइज बेअरिंग मिळतं का ते पाहूनच ग्राइंडिंगला टाका आणि जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कोपऱ्यातली गोलाई कायम ठेवायला बजावून सांगा. ती गेली की क्रँक तिथूनच तडकतो.

बेअरिंगचा गॅप तपासायला प्लास्टिगेज (दाबली की चपटी होणारी मऊ प्लास्टिकची बारीक पट्टी) वापरा. हिरवी पट्टी 0.025 ते 0.076 मिमी मोजते. जर्नल कोरडं पुसून पट्टी ठेवायची, पूर्ण टॉर्कने आवळायचं, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, उघडून दाबलेली पट्टी कागदावरच्या मापाशी ताडायची. पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद दिसली तर जर्नल निमुळतं आहे किंवा बेअरिंगमागे कचरा आहे. पहिली रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून टोकांमधला गॅप बघा. या बोअरला 0.20 ते 0.35 मिमीच्या आसपास हवा, नक्की मर्यादा रिंगच्या पाकिटावर असते. गॅप कमी ठेवला तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर दाबतात आणि रिंग बोअर खरवडते.

हेड चांगल्या हेडवाल्याकडे द्या: पाण्याची प्रेशर टेस्ट, व्हॉल्व्ह गाइड, सीट. फेसिंग (हेडचं तोंड घासून सपाट करणं) अगदी लागलं तरच, कारण जास्त घासलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ग्लो प्लग मात्र इंजिन उतरवण्याआधी, ते कोमट असतानाच काढा. थंड हेडमध्ये ते मोडतात आणि मग तुकडा काढण्याचा खर्च वेगळा.

आता धुणं. हॉनिंग झालेला (बोअर दगडाने घासलेला) ब्लॉक पेट्रोल किंवा रॉकेलने साफ होत नाही. पेट्रोल ऑइल नेतं, दगडाची बारीक पूड तिथेच राहते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश घ्या. ऑइल गॅलरीची (ब्लॉकच्या आतल्या ऑइलच्या वाटांची) बुचं काढून लांब ब्रश आरपार घाला, मग हवा मारा. बोअर लगेच ऑइलने पुसा, नाहीतर पावसाळ्यात तासाभरात लाली चढते. पांढरं कापड इंजिन ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवा. करडं निघालं तर पुन्हा साबण. कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत. पिस्टनवर ऑइल मारणारे जेट ब्लॉकमध्येच आहेत, ते मोकळे आहेत आणि वाकलेले नाहीत हे बारीक तारेने बघा. फिल्टरजवळचा ऑइल कूलर धुवून वापरू नका, बेअरिंगचा चुरा त्याच्या आतून पूर्ण निघत नाही. नवा घ्या. टर्बोचा फीड पाइपही नवाच. इंटरकूलर मात्र नुसतं ऑइल असेल तर डिझेलने, मग साबणपाण्याने धुता येतो. पंख्याचे तुकडे गेले असतील तर तोही बदला.

जोडणीत बऱ्याच गोष्टी मॅन्युअल बघून होतात, टॉर्क आणि अंशांचे आकडे तिथूनच घ्या. हेड बोल्ट नवे लावा. बोल्टच्या बंद भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो. भोकं हवेने कोरडी करा. जुन्या हेड गॅस्केटच्या कडेला जाडीच्या खुणा असतील तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्या जाडीचं गॅस्केट घ्या. टायमिंगला कॅम लॉक करायच्या पिना आणि फ्लायव्हील लॉक हवंच, पांढऱ्या पेंटच्या खुणांवर चेन बसवू नका. चेन, गाइड, टेन्शनर, रॉकर सगळं नवं. लॉक काढल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पिना पुन्हा जागेवर बसतात का बघा. मध्ये अडलं तर तिथेच थांबा, जोर करू नका. इंजेक्टरखाली नवे तांब्याचे वॉशर आणि इंजेक्टर पूर्वीच्याच सिलिंडरला. नवे टाकले आणि त्यांच्यावर कोड असतील तर ते स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) भरून घ्या.

पहिल्या स्टार्टआधी फिल्टर भरा, टर्बोच्या फीडच्या भोकात सिरिंजने ऑइल सोडा, शाफ्ट बोटाने फिरवा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मधे विश्रांती द्या. दिवा विझून प्रेशर गेजने काटा उचलला की मगच कनेक्टर लावा. इनटेकच्या तोंडाजवळ प्लायवूडचा तुकडा घेऊन एक माणूस उभा करा. इंटरकूलरमध्ये ऑइल राहिलं असेल तर डिझेल इंजिन तेच जाळून पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. तोंडावर प्लाय दाबायचा, हात कधीच नाही. प्लाय हाताशी नसेल तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा.

सुरू झाल्यावर तासभर आयडलला ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. कुलंटची हवा काढा, गळती बघा आणि रस्त्यावर घ्या. पहिले 500 किलोमीटर हलका-मध्यम भार, वेग बदलता. पूर्ण अॅक्सिलरेटर नको आणि टॉप गिअरमध्ये रेंगाळणंही नको. मग ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघा. पहिल्या फिल्टरमध्ये थोडी करडी पूड असतेच. चमकणारे पापुद्रे दिसले तर गाडी पुढे चालवू नका, संप उघडा.