घड्याळ फोटोत राहू द्या

प्रश्न : मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. यंदा माझे २२ विद्यार्थी प्रकल्प म्हणून एका आदिवासी समाजाची घरे, हस्तकला, सण आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी छायाचित्रांतून नोंदवणार आहेत. त्यांपैकी ५ जण त्याच समाजातले आहेत. शेवटी प्रदर्शन भरवायचा विचार आहे. या कामाची शिस्त कशी असावी आणि हे फोटो कोणाचे मानावेत?

उत्तर : आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचा निकाल आधी लावायला हवा. कायद्याने छायाचित्राचा हक्क साधारणपणे ते टिपणाऱ्याकडे जातो. फोटोतल्या माणसाकडे किंवा ज्यांचा विधी त्यात दिसतो त्या समाजाकडे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी स्वीकारलेल्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याचे ३१ वे कलम मात्र आपला वारसा आणि पारंपरिक ज्ञान जपण्याचा व त्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क त्या त्या समाजाला देते. हा जाहीरनामा कायद्यासारखा बंधनकारक नसला, तरी प्रकल्पाची लेखी अट म्हणून तो मान्य करायला आपल्याला कोणाचीच आडकाठी नाही.

संमती दोनदा घ्यावी, असे माझे मत आहे : एकदा कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी आणि दुसऱ्यांदा काढलेला फोटो त्या माणसाला दाखवून झाल्यावर, कारण फोटो काढू देणे वेगळे आणि तो भिंतीवर टांगू देणे वेगळे. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावेच लागेल. अमेरिकेतील होपी आदिवासींच्या गावांत फोटो काढायला आजही मनाई आहे, आणि त्यामागे त्यांचा सर्पनृत्याचा विधी पाहायला लोटणाऱ्या कॅमेरेवाल्यांचा जुना, कटू अनुभव आहे. ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे छायाचित्र दिसणे क्लेशदायक मानले जाते, म्हणून तेथील संग्रहालये तशी पूर्वसूचना लावतात. तेव्हा दिलेली संमती पुढे कधीही मागे घेता येईल, हेही आधीच सांगून ठेवावे.

आता फोटोंविषयी. एडवर्ड कर्टिस या अमेरिकी छायाचित्रकाराने १९०७ ते १९३० या काळात उत्तर अमेरिकेतील आदिवासींवरचे २० खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका छायाचित्रात पीगन जमातीचे दोन पुरुष राहुटीत बसलेले दिसतात. मूळ निगेटिव्हमध्ये दोघांच्या मधोमध एक गजराचे घड्याळ आहे. छापलेल्या चित्रातून ते पुसून टाकले आहे. लोप पावत चाललेली, काळाचा स्पर्श न झालेली माणसे दाखवायची, तर घड्याळ अडचणीचेच होते. आपल्या विद्यार्थ्यांनाही हा मोह होणार, याची मला खात्री आहे : कोणी मोबाइलची तार चौकटीबाहेर ठेवील, कोणी म्हातारबांना सदरा काढून बसायला सांगेल, आणि कोणी सगळेच फोटो कृष्णधवल करून आणील. (हा शेवटचा छंद सर्वांत हट्टी असतो.) ती तार फोटोत राहू द्यावी, कारण ज्यांचे जगणे आपण नोंदवतो आहोत ती माणसे आजची आहेत.

हस्तकलेची नोंद करताना तयार वस्तूच्या एका देखण्या फोटोवर समाधान मानू नये. टोपली विणणारीची बोटे, पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलेली पट्टी, पहिला वेढा कसा पडतो, तुटलेली कामटी कशी बदलली जाते, असे १५-२० फोटो एकाच जागेवरून क्रमाने घेतले, तरच पुढे कोणाला त्यावरून ती टोपली विणता येईल. फोटोओळही तितकीच महत्त्वाची आहे. ‘टोपली विणणारी आदिवासी वृद्धा’ एवढेच लिहिले, तर पन्नास वर्षांनी तिच्या नातवंडांनाही ती ओळखता येणार नाही. तिची हरकत नसेल तर तिचे नाव, टोपलीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात तो शब्द, ती कोणाकडून शिकली, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचे नाव, एवढे तरी त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे.

त्या समाजातल्या ५ जणांना दुभाषे म्हणून राबवू नका; विषय त्यांना ठरवू द्या. पेरूमधील छायाचित्रकार मार्तिन चांबी (१८९१–१९७३) हे स्वतः केचुआ ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबात जन्मले आणि कुस्कोमध्ये स्वतःचा स्टुडिओ चालवत होते. त्यांच्या कॅमेऱ्यापुढचे लोक बहुधा आपणहून येऊन बसलेले दिसतात.

मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात, आणि छापील फोटोंसह तिसरा संच त्या समाजाकडे प्रदर्शनाच्या आधी पोहोचवावा. कोणता फोटो कोणी पाहायचा, हे समाजालाच ठरवू देणारी ‘मुकुर्तू’ नावाची संगणकीय व्यवस्था ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू आदिवासींच्या संग्रहातून उभी राहिली आहे. ती अवश्य पाहावी.

प्रश्न : मी अशाच एका प्रकल्पातला विद्यार्थी आहे. आमच्या घरच्या एका विधीचा फोटो काढू नकोस, असे आजीने मला बजावले आहे. तो नसेल तर माझे काम अपुरे ठरेल, असे शिक्षक म्हणतात. मी काय करू?

उत्तर : फोटो काढू नका, लपून तर मुळीच नाही. ‘मला नको’ आणि ‘कोणालाच नको’ यांत फरक आहे, म्हणून हा नकार आजीचा स्वतःचा आहे की साऱ्या घराण्याचा, एवढे तिला विचारा. नकाराची नोंद केलेली चालेल का, हेही विचारा. ती हो म्हणाली, तर भिंतीवर त्या फोटोची जागा मोकळी ठेवा आणि खाली तिचेच वाक्य तिच्या भाषेत लिहा. नाही म्हणाली, तर ती जागाही नको. शिक्षकांना सांगायचे काम तुमच्या मार्गदर्शकांनी करावे, आणि हे उत्तर त्यांना दाखवायला माझी हरकत नाही.