मातीच्या खासगी धरणाच्या पायथ्याशी पाणी पाझरतंय, काळजी करावी का?

थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच. खरा प्रश्न आहे तो पाण्याच्या रंगाचा. काचेच्या बाटलीत ते पाणी भरा, अर्धा तास स्थिर ठेवा आणि तळ बघा. गाळ बसला तर पाण्याबरोबर भरावाची माती वाहून जातेय आणि आत पोकळी तयार होतेय. पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येऊन भोवती बारीक रेतीचं वारूळ जमत असेल तर तेही तेच लक्षण. अशा वेळी वाट बघू नका. खालच्या वस्तीला कळवा, तलावाची पातळी सावकाश उतरवा आणि धरणाच्या अभियंत्याला लगेच बोलवा. अमेरिकेतलं टीटन धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं: सकाळी गढूळ गळती दिसली, दुपारी बाराच्या आत ते फुटलं.

कृपा करून त्या भोकात चिकणमाती कोंबू नका. पाणी अडलं की दुसरीकडून फुटतं. तात्पुरती आधी वाळू, तिच्यावर खडी टाकतात, म्हणजे पाणी निघतं आणि माती आत अडते.

पाणी स्वच्छ असेल तर दर आठवड्याला एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते तलावाच्या पातळीसकट लिहून ठेवा. पातळी तीच असून बादली लवकर भरायला लागली तर तपासणी करून घ्या. भरावातून जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी विशेष लक्ष द्या, गळती बहुधा पाइपाच्या बाहेरच्या कडेनेच वाट काढते.

सांडवा मोकळा ठेवाच. मातीच्या भरावावरून पाणी गेलं तर तो काही तासांत वाहून जाऊ शकतो.